कळ थांबली म्हणजे खडा गेला असे नव्हे

मुतखड्याचा रुग्ण समोर येऊन बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, हा औषधाने पडेल ना? ऑपरेशन तर करावं लागणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. शस्त्रक्रिया कोणालाच नको असते. शिवाय बरेच खडे खरोखरच आपोआप पडून जातात. पण याच आशेवर काही जण महिनोन्‌महिने थांबतात आणि त्यांना मोजावी लागणारी किंमत त्या एवढ्याशा खड्याच्या मानाने फार मोठी असते. कोणता खडा पडण्याची वाट पाहावी, कोणत्या खड्याला शस्त्रक्रिया लागते आणि शस्त्रक्रियेनंतर कोणती गोष्ट विसरू नये, याची माहिती आज घेऊ.

खडा अडतो कोठे?

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी एकेक मूत्रपिंड असते. त्यात रक्त गाळले जाऊन लघवी तयार होते आणि मूत्रवाहिनी नावाच्या नळीतून खाली मूत्राशयात उतरते. ही नळी सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते, पण तिची आतली पोकळी अवघी ३ ते ४ मिलिमीटर असते. त्यातही तीन जागा विशेष अरुंद आहेत. नळी मूत्रपिंडातून निघते तेथे, कमरेपाशी मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तेथे आणि मूत्राशयात शिरते तेथे. खडा बहुधा यांपैकी एखाद्या जागी अडकतो.

मूत्रपिंडात स्वस्थ बसलेला खडा सहसा फार दुखत नाही. तो नळीत उतरून लघवीची वाट अडवतो, तेव्हा मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि त्याच्या ताणाने ती सर्वपरिचित कळ येते. पाठीतून निघून कुशीतून जांघेकडे जाणारी ही कळ माणसाला गडाबडा लोळायला लावते. सोबत उलट्या होतात, घाम फुटतो, लघवी लालसर होते.

कळ का थांबते?

आता महत्त्वाचा मुद्दा. कळ थांबण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. खडा पडून गेला असेल तर उत्तमच. खडा किंचित सरकला आणि बाजूने लघवीला वाट मिळाली, तरी कळ थांबते. तिसरे कारण मात्र धोक्याचे आहे. वाट पूर्ण बंद राहिली की काही दिवसांत त्या मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त कमी होते, ते लघवी कमी तयार करू लागते आणि आतला दाब उतरतो. दुखणे थांबते. रुग्णाला वाटते औषध लागू पडले. वास्तविक मूत्रपिंड हळूहळू निकामी होत असते.

वाट पूर्ण बंद असेल तर साधारण दोन आठवड्यांनंतर कायमचे नुकसान होऊ लागते आणि पुढे प्रत्येक आठवड्यागणिक ते वाढत जाते. दुसरे मूत्रपिंड चांगले असेल तर ते सगळे काम सांभाळून घेते. लघवी नेहमीसारखी होते, रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिनही बहुधा ठीक येते. त्यामुळे आत काय चालले आहे याचा पत्ताच लागत नाही.

पन्नाशीतले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना कळ आली होती, सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा दिसला होता. इंजेक्शन, सलाईन झाले, कळ थांबली. मग सोयाबीनची काढणी आली, नंतर मुलीचे लग्न. दुखत नाही म्हणून ते पुन्हा तपासणीला गेले नाहीत. माझ्याकडे आले ते भलत्याच कारणाने, पोट साफ होत नाही म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा. खडा जागच्या जागी होता आणि वरचे मूत्रपिंड पाण्याने भरलेली पातळ पिशवी झाले होते. त्याचे काम जवळजवळ शून्यावर आले होते. वेळेवर केलेल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या शस्त्रक्रियेने ते वाचले असते.

कोणत्या खड्याची वाट पाहावी?

मूत्रवाहिनीत उतरलेला साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरमध्ये निम्म्या रुग्णांचा पडतो, निम्म्यांचा अडतो. त्याहून मोठा खडा पडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. वाट पाहायची असेल तर वेदनाशामक आणि नळी सैल करणारे औषध देता येते. मात्र वाट पाहण्याला मुदत हवी. ही मुदत सर्वसाधारणपणे चार आठवड्यांची असते, फार तर सहा. त्यानंतर दुखो वा न दुखो, पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. लघवी गाळून पाहावी आणि खडा सापडला तर जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावा.

बीअर प्यायल्याने खडा पडतो, हा समज गावोगावी आहे. बीअरने लघवी वाढते, खडा विरघळत नाही. वाट बंद असताना तुंबलेली लघवी वाढली तर त्रासच अधिक. कुळथाचे कढण चवीने जरूर प्यावे, पण दीड सेंटीमीटरचा खडा त्याने नळीतून खाली येणार नाही. औषधाने विरघळतात ते प्रामुख्याने युरिक ॲसिडचे खडे. आपल्याकडील बहुसंख्य खडे कॅल्शियमचे असतात आणि ते विरघळत नाहीत.

शस्त्रक्रिया कोणत्या?

मूत्राशयातला खडा शस्त्राने काढण्याची कृती सुश्रुतसंहितेत सविस्तर दिली आहे. हे कर्म धोक्याचे असल्याने आधी परवानगी घ्यावी, असेही तेथे सांगितले आहे. आज आपण ज्या संमतिपत्रावर सही करतो, त्यामागचा विचार इतका जुना आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मूत्रपिंडातल्या खड्यासाठी कुशीवर वीतभर छेद घ्यावा लागे. त्या काळातल्या व्रणाची आठवण घरातली वडीलधारी माणसे सांगतात आणि लोकांची भीती मुख्यतः तिथूनच येते. १९७६ साली स्वीडनमधील डॉक्टरांनी पाठीतून लहान छिद्र पाडून मूत्रपिंडातला खडा काढला. १९८० साली जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून ध्वनिलहरींसारखे आघात देऊन खडा फोडण्याचा पहिला उपचार झाला. त्याचे यंत्र विमाने बनवणाऱ्या डॉर्निए कंपनीने तयार केले होते. आता मोठा छेद घेण्याची वेळ क्वचितच येते. आज प्रामुख्याने पुढील पद्धती वापरल्या जातात.

१. लिथोट्रिप्सी : बाहेरून लहरींचे आघात देऊन खड्याचा भुगा करतात. तो लघवीवाटे पडतो. मूत्रपिंडातील २ सेंटीमीटरपर्यंतच्या, फार कठीण नसलेल्या खड्याला योग्य. काही वेळा दोन-तीन बैठका लागतात. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना हा उपचार करत नाहीत.

२. मूत्रवाहिनीची दुर्बीण : लघवीच्या नैसर्गिक मार्गाने बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने खडा फोडतात. अंगावर छेद नसतो, टाका नसतो. लवचीक दुर्बिणीने थेट मूत्रपिंडापर्यंतही पोहोचता येते.

३. पाठीतून दुर्बीण, म्हणजे पीसीएनएल : २ सेंटीमीटरहून मोठ्या खड्यासाठी. पाठीवर सुमारे १ सेंटीमीटरचे किंवा त्याहून लहान छिद्र पाडून खडा फोडतात व तुकडे बाहेर काढतात.

यांपैकी कोणतीही पद्धत पूर्ण निर्धोक नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, एखादा तुकडा मागे राहणे हे प्रकार घडू शकतात. पद्धत निवडताना खड्याचा आकार, जागा, कठीणपणा आणि रुग्णाची प्रकृती पाहावी लागते. शेजाऱ्याचे लेसरने झाले म्हणून माझेही लेसरनेच करा, हा आग्रह धरू नये.

एका प्रसंगी मात्र एक दिवसही थांबू नये. खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीत पू झाला आहे असे समजावे. हे जीवावर बेतते. लघवी अजिबात बंद होणे, एकच मूत्रपिंड असताना कळ येणे, गरोदरपणात कळ येणे, हीसुद्धा तातडीची कारणे आहेत. अशा वेळी आधी नळी टाकून तुंबलेल्या लघवीला वाट करून देतात. खडा नंतर सावकाश काढला तरी चालतो.

आतली नळी विसरू नका

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच रुग्णांच्या मूत्रवाहिनीत एक मऊ नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. दोन्ही टोके वळलेली असल्याने ती जागेवर राहते आणि सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवते. ती असेपर्यंत वारंवार लघवीला होणे, लघवी करताना कुशीत दुखणे, लघवी गुलाबी होणे असा त्रास होऊ शकतो. त्याने घाबरू नये.

ही नळी आपोआप पडत नाही आणि विरघळत नाही. ती बहुधा एक ते चार आठवड्यांत दुर्बिणीतून काढतात. काम काही मिनिटांचे असते. पण त्रास कमी झाला की रुग्ण ती काढायला येतच नाहीत. कामासाठी शहर बदलतात, फोन नंबर बदलतात. एका भगिनींचे ऑपरेशन दुसऱ्या शहरात झाले होते. नळी आत आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. चार वर्षांनी त्या आल्या तेव्हा नळीच्या दोन्ही टोकांवर खड्यांचे गोळे जमले होते. जी नळी काही मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. म्हणून रुग्णालयातून घरी जाताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. आत नळी ठेवली आहे का? ती कोणत्या तारखेला काढायची? ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावी.

कोणाकडे जावे?

मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया करतो तो युरॉलॉजिस्ट. एमबीबीएस, त्यानंतर सर्जरीची पदव्युत्तर पदवी आणि मग युरॉलॉजीचे तीन वर्षांचे उच्च शिक्षण, असा त्याचा अभ्यास असतो. मूत्रपिंडाच्या आजारांवर औषधोपचार आणि डायलिसिस पाहतो तो नेफ्रॉलॉजिस्ट. या दोघांत पुष्कळांची गल्लत होते. खर्चाच्या चिंतेने थांबलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, हे दाखल होण्यापूर्वी विचारावे.

खडा एकदा झाला की तो पुन्हा होण्याची शक्यता असते. ती कमी करण्यासाठी दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हात राबणाऱ्यांना त्यासाठी तीन-चार लिटर किंवा अधिक पाणी लागते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मीठ, लोणचे, पापड कमी करावेत. लिंबूपाणी चांगले, पण त्यात मीठ-साखर नको. दूध बंद करू नये. आहारातले कॅल्शियम तोडल्याने खडे कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात.

ज्यांना पूर्वी कधी खडा होता, आता दुखत नाही आणि तो पडताना दिसलाही नाही, त्यांनी या आठवड्यात एक सोनोग्राफी जरूर करून घ्यावी. अहवालात 'मूत्रपिंडाला सूज' असे काही लिहिले असेल तर तो अहवाल कपाटात न ठेवता डॉक्टरांना दाखवावा.

पुढील लेखात उतारवयातील पुरुषांना होणाऱ्या प्रोस्टेटच्या त्रासाविषयी.