उदरव्यथा : लेखांक पाचवा – आंत्रपुच्छाचे दुखणे

गेल्या सप्ताहात मुतखड्याचा विचार करताना आपण पाहिले की, ती वेदना रोग्याला एका जागी ठरू देत नाही. तो येरझारा घालतो, कूस पालटतो, प्रसंगी गडबडा लोळतो. आज ज्या व्याधीचा परामर्श घ्यावयाचा, तिची रीत अगदी उलट आहे. आंत्रपुच्छाची, म्हणजे आपण सारे ज्याला अपेंडिक्स म्हणतो त्याची, सूज उदराच्या अस्तरापर्यंत पोहोचली म्हणजे रोगी गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडून राहतो. कारण नुसता खोकला आला, किंवा दवाखान्याच्या वाटेवर गाडीचे चाक खड्ड्यातून गेले, तरी त्याच्या उजव्या कुशीच्या खाली कळ उठते.

लहान आतडे मोठ्या आतड्यास जेथे मिळते, तेथे उंडुक नावाची एक थैली असून, तिला करंगळीहून बारीक आणि बहुधा आठ-दहा सेंटिमीटर लांबीची, एका टोकास बंद अशी नळी लोंबत असते. एक टोक बंद, यातच अनर्थाचे मूळ आहे. वाळलेल्या मळाचा खडा, संसर्गाने फुगलेल्या लसीका ग्रंथी किंवा क्वचित जंत यांनी उघडे तोंडही कोंडले, म्हणजे आत स्रवणाऱ्या श्लेष्म्यास वाट उरत नाही. दाब वाढतो, रक्ताभिसरण खुंटते, जंतूंचे फावते, आणि अखेरीस कुजलेली भिंत फुटून आतील घाण उदरपोकळीत पसरते. फुटण्याची मुदत कोणी लिहून दिलेली नाही. तथापि दुखणे सुरू होऊन चोवीस तास उलटले की जोखीम वाढत जाते, एवढे निश्चित. पेरूच्या बिया गिळल्याने हा रोग जडतो ही आपल्याकडील समजूत मात्र, मुलांच्या हातचा पेरू काढून घेण्यापलीकडे, फारशी उपयोगी पडलेली दिसत नाही.

लक्षणे कोणती, यापेक्षा ती कोणत्या क्रमाने आली, हे येथे अधिक महत्त्वाचे. प्रथम बेंबीच्या आसपास एक मोघम, बोट ठेवून दाखवता न येणारे दुखणे सुरू होते. अन्नावरची वासना उडते. मग मळमळ आणि एखाददुसरी उलटी. आणि कित्येक तासांनी, बहुधा दिवसभराच्या आत, ते दुखणे आपला मुक्काम हलवून उजव्या बाजूस खाली, बेंबी आणि कमरेचे पुढे आलेले हाड यांच्या दरम्यान येऊन ठाण मांडते. ताप येतो तो नंतर, आणि आरंभी बेताचाच. न्यूयॉर्कचे शल्यविशारद चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली जो दुखरा बिंदू दाखवून दिला, तो याच जागी. त्यापूर्वी तीनच वर्षे, १८८६ मध्ये, बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या रोगाचे खरे उगमस्थान आंत्रपुच्छ हेच होय, असे सिद्ध केले होते. तोपर्यंत त्याचा दोष बिचाऱ्या उंडुकाच्या माथी मारला जात असे.

आपल्या घरांतून मात्र पहिल्या प्रहरातील त्या मोघम दुखण्याचा निकाल घरच्या घरीच लावण्याचा दस्तूर आहे. कोणी म्हणते बेंबी सरकली, आणि पोट चोळून देते. कोणी हिंग कालवून लावते. आणि घरातील अनुभवी मंडळी पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल पुढे करतात. हिंगाने फारसे काही बिघडत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. परंतु एरंडेल, जुलाब वा बस्ती यांनी आतड्याची हालचाल बळेच वाढते, आणि सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्यास ते निमित्त ठरू शकते. सबब अशा दुखण्यात पोट चोळणे, शेकणे आणि रेचक देणे या तिन्ही गोष्टी सक्त वर्ज्य समजाव्यात.

याहूनही फसवी गोष्ट म्हणजे मध्येच पडणारा उतार. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हावयाचा होता. देशोदेशींचे पाहुणे लंडनमध्ये जमले होते, आणि कोल्हापूरचे शाहू महाराजही त्या समारंभासाठी विलायतेस गेले होते. जूनच्या मध्यास राजेसाहेबांचे पोट दुखू लागले, मग बरे वाटले, म्हणून ते २३ तारखेस विंडसरहून लंडनला आले, तो दुखणे पुन्हा उलटले. २४ तारखेस, अभिषेक अवघ्या दोन दिवसांवर असताना, सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी राजवाड्यातच शस्त्रक्रिया करून पुवाचा निचरा केला. आंत्रपुच्छ त्यांनी काढले नाही. समारंभ तहकूब झाला आणि ९ ऑगस्ट रोजी पार पडला. याच ट्रीव्ह्ज यांची कन्या दोन वर्षांपूर्वी याच रोगाने दगावली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे राजाची नाराजी पत्करूनही त्यांनी दाखविलेल्या निग्रहाचा अर्थ उमगतो. राजाच्या बाबतीत पू एका जागी कोंडून राहिला, हे त्याचे दैव. अन्यथा आंत्रपुच्छ फुटताच आतील ताण ओसरून क्षणभर हायसे वाटते, घरचे निर्धास्त होतात, आणि काही तासांतच पोट फळीसारखे ताठ होऊन ताप भडकतो.

सर्वांची कैफियत अशी सरळ नसते. आंत्रपुच्छ उंडुकामागे दडलेले असल्यास दुखणे पाठीकडे जाणवते. गर्भवतीस ते वर सरकलेले भासू शकते. वृद्धांत लक्षणे क्षीण असतात, आणि पाच वर्षांखालील मुलास आपले दुखणे नीट सांगता येत नसल्याने ते पुष्कळदा फुटल्यावरच उमगते. तरुण स्त्रीच्या बाबतीत गर्भनलिकेतील गर्भ किंवा पीळ पडलेले बीजांड हेही असेच रूप घेऊ शकतात. म्हणून रक्त, लघवी, सोनोग्राफी आणि जरूर पडल्यास सीटी स्कॅन यांची तजवीज डॉक्टर करतात, ती निष्कारण खर्चाची बाब समजू नये.

आता दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया सर्रास होते. जर्मनीतील कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये तिचा पायंडा पाडला. साध्या, न फुटलेल्या रोगात प्रतिजैविकांवरही भागू शकते; परंतु फिनलंडमधील एका मोठ्या अभ्यासात असे उपचार घेतलेल्या दहांपैकी सुमारे चार रोग्यांना पाच वर्षांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. निवड कोणती करावी हे तपासणीनंतर शल्यचिकित्सकाने ठरवावयाचे.

वाचकांनी एवढे करावे : पोटातील दुखणे उजवीकडे खाली सरकले, चालताना वा खोकताना वाढले, किंवा ताप आणि उलटी यांच्यासह सहा तास टिकले, तर खाणेपिणे थांबवून, वेदनाशामक गोळीवर रात्र न काढता, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पोट ताठ झाले, रोगी ग्लानीत गेला, किंवा गर्भवतीस अथवा लहान मुलास असे दुखू लागले, तर सहा तासांचीही वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका अहोरात्र विनामूल्य मिळते.