कृत्रिम पायाची खोबण आणि जाळीदार द्रव्ये

कृत्रिम पाय वापरणाऱ्याची तक्रार पुष्कळदा पावलाविषयी नसते, खोबणीविषयी असते. पाय कापल्यानंतर उरलेला खुंट ज्या कठीण पात्रात बसतो ती ही खोबण; व्यवहारात 'सॉकेट' हाच शब्द चालतो. शरीराचा भार येथे हाडाकडून मांसाकडे व मांसाकडून भिंतीकडे जातो. तळव्याच्या कातडीला भाराची जी सवय असते, ती या कातडीला नसते.

गुडघ्याखालील खुंटाच्या सर्व जागा सारख्या सोशिक नाहीत. वाटीखालचा कंडरा बराच दाब सहन करतो. नडगीची धार, बाहेरच्या बारीक हाडाचा माथा आणि खुंटाचे टोक यांना तो सोसत नाही. बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालेली खोबण याच भेदावर आधारलेली आहे. तिने हा भेद आकाराने साधला. भिंत मात्र सर्वत्र सारखीच कठीण राहिली. दिवसभरात खुंट थोडा आकसतो अथवा सुजतो, आणि मोजून केलेला खोलगटपणा भलत्याच जागी येतो.

जाळीदार द्रव्यात भेद आकाराबरोबरच ताठरतेनेही करता येतो. त्रिमिती मुद्रणाने एकाच प्लास्टिकच्या बारीक काड्यांची जाळी थरावर थर देऊन घडवितात. मॅक्सवेलने १८६४ साली सांगाड्यांसाठी दिलेला नियम येथे उपयोगी पडतो: सांध्यांच्या मानाने दांड्या कमी असल्या, तर सांगाडा मूळचा ताठ राहत नाही. अशा जाळीत भार काड्यांच्या वाकण्यावर पडतो आणि तिची ताठरता सापेक्ष घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते. घनता निम्मी केली की ताठरता सुमारे चतुर्थांश होते. म्हणजे कंडऱ्याखाली काड्या जाड व हाडाच्या माथ्याशी बारीक ठेवल्या, की एकच अस्तर दोन्ही गरजा भागविते. वाराही खेळतो, हा लाभ आपल्या हवेत लहान नव्हे.

अडचणी आहेतच. बारीक काडी वारंवारच्या भाराने थकून तुटते. कृत्रिम पायांच्या 'आयएसओ १०३२८' या मानकात भार ३० लाख वेळा देऊन पाहतात, तो उगाच नव्हे. शिवाय छिद्रांत घाम व मळ साचतो.

भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट खटकते. वेदना पुष्कळदा शून्य ते दहा अशा एका अंकात नोंदली जाते. मराठी माणूस मात्र 'टोचते', 'रुतते', 'काचते' असे निरनिराळे सांगतो. टोचणे हा एका बिंदूवरचा दाब, रुतणे हा कडेचा. तेथे जाळी मऊ करणे योग्य. काचण्यात घर्षण आहे. तेथे जाळी आणखी मऊ केली, तर खुंट आत अधिक हलेल आणि कातडी सोलवटेल.