इंग्रजीचा ताल आणि आपला कान



गाणी आणि मोबाइलवरच्या चिमुकल्या चित्रफिती यांतून इंग्रजी शिकता येते काय, असा प्रश्न चालकांनी मजपुढे ठेवला आहे. मी कोणी भाषापंडित नव्हे. आठवीनंतर शाळा सुटली. इंग्रजी शिकलो ते युनियनच्या कचेरीत, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि शब्दकोश शेजारीशेजारी उघडून. म्हणून उत्तराआधी माझी एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात तिघे कामगार निलंबित झाले होते. वाटाघाटींना मालकांचा एक अमेरिकन प्रतिनिधी आला होता. तो जे म्हणाला ते मला ‘वुई कॅन टेक देम बॅक’ असे ऐकू आले. चहाची सुट्टी झाली तसा मी गेटवर गेलो आणि जाहीर केले, तिघेही परत येणार! कोणी गुलाल आणला. अर्ध्या तासाने उलगडा झाला की साहेब ‘कॅन्ट’ म्हणाला होता. तिघांपैकी एकाची बायको गेटवरच उभी होती. तिला खरे ते सांगणे मलाच भाग होते.

दोन्ही शब्द मला लहानपणापासून ठाऊक. मग चुकले कुठे? मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचे माप चोख देतो. इंग्रजी बोलणारा वाक्यातील दोनचार शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे, गर्दीच्या एस.टी.त माणसे कोंबावी तसे, मधल्या जागेत कोंबतो. कागदावरचे ‘ब्रेड अँड बटर’ तोंडातून ‘ब्रेडन्बटर’ होऊन बाहेर पडते. होकाराचा ‘कॅन’ बहुधा असाच चेपला जाऊन ‘क्न’ एवढाच उरतो. नकाराच्या ‘कॅन्ट’वर मात्र जोर येतो आणि अमेरिकन तोंडात त्याचा ‘ट’ पुष्कळदा गिळला जातो. म्हणजे ‘कॅन’ ठळक ऐकू आला तर सावध व्हावे, तो नकार असण्याचा संभव अधिक! मी नेमके उलटे समजलो. डोळ्यांनी शिकण्याची ही गोष्ट नव्हे.

येथे गाणे कामास येते. ठेका सहसा जोराच्या शब्दावर पडतो, आणि मधले शब्द चेपल्याशिवाय तो गाठताच येत नाही. जे सांगता सांगता मास्तर दमतो, ते ताल आपोआप करून घेतो. अमेरिकेतील कॅरोलिन ग्रॅहॅम या बाई परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवीत आणि पियानोही वाजवीत. रोजच्या बोलण्यातला जोर आणि जॅझ संगीताचा ठेका सारखाच आहे हे हेरून त्यांनी १९७८ साली ‘जॅझ चँट्स’ हे पुस्तक काढले. एडिंबरो विद्यापीठातील एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. ६० प्रौढांना हंगेरियन भाषेतील छोटी वाक्ये १५ मिनिटे शिकविली. काहींनी ती नुसती बोलून, काहींनी तालात बोलून, काहींनी गाऊन म्हटली. पुढे ती आठवून म्हणणे गाणाऱ्यांना अधिक चांगले जमले. चालीवर पाढे पाठ केलेल्या आपल्या पिढीला याचे नवल वाटू नये.

तथापि गाण्यातले इंग्रजी अर्जात उतरवू नका. चालीपायी तेथे स्वर ताणला जातो, जोर भलत्या अक्षरावर पडतो, एका वाक्यात दोन नकार खुशाल नांदतात. कान जागा करायला गाणे. बोलणे शिकायला माणसाचे बोलणेच ऐकावे लागते, आणि तेथे चित्रफीत हवी.

तिचा लहानपणा हा तिचा गुण आणि तोच दोष. मिनिटभराची फीत दहादा ऐकता येते. पण अंगठा सरकला की दुसरी पुढे येते. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’वाल्या पुष्कळ फितींत तर गुरुजी सारा वेळ हिंदीतच बोलत असतात! त्यापेक्षा बीबीसी बरी. १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकविण्याचा तिचा उद्योग आहे. आज तिचे सहा मिनिटांचे संवाद लेखी मजकुरासह फुकट मिळतात.

आमच्या कचेरीत गुरुवारी संध्याकाळी वर्ग भरतो. आठवड्याला एकच फीत, मिनिटभराची. फोनच्या तळाशी कागदाची पट्टी लावून आधी खालची अक्षरे झाकतो, ऐकू आले ते लिहितो, मग पट्टी काढून पडताळतो. कानातून निसटलेल्या शब्दाखाली रेघ मारायची. पुढे फितीचा वेग पाऊणपट करून, टाळीवर तेच वाक्य मोठ्याने म्हणायचे. आपला आवाज फोनवर भरून मूळ आवाजाशेजारी ऐकायचा. तो प्रथम ऐकताना सगळेच लाजतात. क्रेन चालविणाऱ्या एका गड्याने पहिल्या दिवशी बारा शब्दांपैकी चार लिहिले आणि आपण बहिरे झालो की काय म्हणून घाबरला.

आता वाटाघाटीला तो माझ्या शेजारी बसतो. समोरून ‘कॅन’ आला की आम्ही एकमेकांकडे पाहतो. दोघांचे जुळले नाही तर तोच हात वर करून विचारतो, ‘यस की नो, साहेब?’ उत्तर कागदावर उतरवून घेतो आणि मगच गेटवर जातो.