रस्ता रुंद होतोय, सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत का?

वरूड म्हणजे संत्र्याचा पट्टा. इथं रस्त्यासाठी शेत गेलं की झाडं, विहीर, पाइपलाइनही जाते. म्हणून मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा आणि प्रत्येक झाड पंचनाम्यात लिहून घ्या.

2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. जमीन, झाडं, विहीर यांच्या ठरलेल्या किमतीवर आणखी 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1956 चा कायदा लागतो. तिथं हरकतीला फक्त 21 दिवस. मोबदला कमी वाटला तर लेखी निषेध नोंदवूनच रक्कम उचला, नाहीतर वाढीव मागता येत नाही.

आपल्या घरांतली अडचण मात्र वेगळीच. जमीन अजून मरहूम दादांच्या नावावर, नाहीतर फक्त भावांच्या. नोटीस आणि मोबदला नोंदीतली नावं पाहूनच निघतो. मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलाय, ती कुणाची मेहरबानी नाही. वारसांत वाद झाला तर पैसा प्राधिकरणाकडे जमा होऊन अडकतो. म्हणून नोटीस येण्याआधीच तलाठ्याकडे वारस नोंद करा, सगळ्यांच्या नावांसह.