खिडकीवरचा पत्र्याचा पदर

पातेल्यातलं दूध झटक्यात ओतलं तर सरळ धार पडते. जपून, हळू ओतलं की तेच दूध काठावरून वळतं, पातेल्याच्या अंगाला चिकटतं आणि बुडापर्यंत ओघळत जातं. पावसाचं पाणीही असंच वागतं. भिंतीवरून उतरत खिडकीच्या गाळ्याशी आलं की ते तिथून खाली पडेलच असं नाही. ते कडेला वळतं, गाळ्याच्या पालथ्या बाजूने चालत आत सरकतं आणि चौकटीच्या सांध्याशी पोचतं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, गवंडी एक लांब खाच ठेवतात ती यासाठीच. चिकटून आलेल्या पाण्याला खाचेपाशी वर चढावं लागतं. ते त्याला जमत नाही. थेंब तिथेच जड होतो आणि पडतो.

ज्या देशांत घरं लाकडी सांगाड्याची आणि वरून पातळ आवरणाची असतात, तिथे हे काम पत्र्याची वाकवलेली पट्टी करते. तिला फ्लॅशिंग म्हणतात. अर्धा-एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, दोन-तीन ठिकाणी दुमडलेला. खिडकीच्या डोक्यावर बसणाऱ्या पट्टीची मागची बाजू भिंतीच्या आत उभी चढते, मधला भाग बाहेरच्या दिशेने उतरता असतो आणि पुढची कड खाली वळवून चौकटीपासून थोडी लांब काढलेली असते. घर पुरं झाल्यावर यातली बोटभर कडच काय ती दिसते. ती नसली, किंवा चुकीची बसली, तर काय होतं हे व्हँकूव्हर शहराने फार महागात पाहिलं.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या शहरात वर्षाकाठी साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मा. पण तो मुख्यतः हिवाळ्यात, दिवसेंदिवस रिपरिपत पडतो. हवा थंड असते, भिंतीला वाळायला सवड मिळत नाही. १९८०च्या दशकात तिथे तीन-चार मजली लाकडी सांगाड्याच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. त्यांचं रूप उन्हाच्या प्रदेशांतून उचललेलं होतं: गुळगुळीत गिलावा, सपाट दर्शनी भाग, वळचण जवळपास नाही. बाहेरचा थर पुरता बंद केला, सांध्यांत सीलंट भरलं, की पाण्याचा प्रश्न मिटला असं मानलं गेलं. सांधे काही वर्षांत फाटले. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती आणि आतल्या बाजूला बाष्प अडवण्यासाठी लावलेल्या प्लॅस्टिकमुळे ते खोलीकडेही वाळू शकत नव्हतं. गिलाव्यामागे लाकूड भिजत राहिलं, मऊ पडलं, कुजलं. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतलं होतं त्यांना भिंत उघडल्यावर बुरशी दिसली. दुरुस्तीसाठी ताडपत्रीत गुंडाळलेल्या इमारती ही त्या शहराची ओळखच होऊन बसली.

१९९६ मध्ये कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने अशा इमारतींची पाहणी करवून घेतली. भिंतीतलं पाणी बाहेरचंच होतं आणि ते मोकळ्या भिंतीतून नव्हे, तर खिडक्या, गॅलऱ्या अशा जोडांच्या जागी शिरत होतं. ज्या भिंतींवर छपराची वळचण पुढे आलेली होती त्या बऱ्याच निरोगी होत्या. १९९८ मध्ये प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. एकूण नुकसानीचा आकडा पुढे चार अब्ज डॉलरपर्यंत सांगितला गेला. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचते ती गोष्ट वेगळीच. उत्तर आधीच लिहिलेलं होतं, तेही त्याच देशात. १९६३ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या एका छोट्या पुस्तिकेत जी. के. गार्डन यांनी मांडलं होतं की पाणी आत येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: पाणी, भोक आणि पाण्याला भोकातून ढकलणारं बळ. पाऊस थांबवता येत नाही, एकही भोक नसलेली भिंत बांधता येत नाही. म्हणून बळावर काम करा.

ही बळं कोणती ते नीट पाहण्यासारखं आहे. गुरुत्व आणि वाऱ्याने फेकलेल्या थेंबाचा वेग ही दोन सहज कळतात. पाण्याचा चिकटपणा दुधाच्या पातेल्यात आपण पाहिला. चौथं बळ दिव्याच्या वातीत तेल चढवतं तेच, केशाकर्षण. दोन काचा एक मिलिमीटर अंतर ठेवून पाण्यात उभ्या केल्या तर त्यांच्यामध्ये पाणी सुमारे १५ मिलिमीटर चढतं. अंतर अर्धा मिलिमीटर केलं तर ३०, आणि एक दशांश मिलिमीटर केलं तर जवळजवळ १५० मिलिमीटर. उलट, सहा मिलिमीटर फट असेल तर जेमतेम अडीच. म्हणजे घट्ट दाबून बसवलेला, सुबक दिसणारा सांधाच पाणी वर ओढतो आणि बोट जाईल एवढी फट निरुपद्रवी असू शकते. म्हणून चांगला कारागीर पत्र्याची कड चौकटीला चिकटू देत नाही, मुद्दाम मोकळी सोडतो.

पाचवं बळ वाऱ्याचा दाब. कोकणातली माणसं जिला झड म्हणतात, ती यातूनच येते. ताशी ७२ किलोमीटरचा वारा भिंतीवर सुमारे २४० पास्कल दाब देतो. आकडा मोठा वाटतो, पण पाण्याच्या भाषेत तो फक्त २४ मिलिमीटर उंचीचा आहे: एवढा वारा पाण्याला तेवढंच वर उचलून धरू शकतो. ताशी १०८ किलोमीटरला हाच आकडा ५५ होतो. खिडकीखाली बसवायच्या पत्र्याच्या तबकाची मागची कड किती उंच हवी, हे याच हिशेबातून कळतं.

हे तबक मला फार आवडतं, कारण ते पाणी येणार हे मोकळेपणाने मान्य करतं. चौकटीखाली बाहेर उतरता पत्रा, मागे उभी कड, दोन्ही टोकांना वर वळवलेल्या छोट्या भिंती. सांधा फाटला, पाणी आलं, तरी ते तबकात पडतं आणि बाहेर ओघळतं. डोक्यावरची पट्टीही चौकटीच्या रुंदीपेक्षा थोडी लांब हवी आणि तिचीही टोकं वळवलेली हवीत, नाहीतर गोळा केलेलं सगळं पाणी ती कोपऱ्यात, भिंतीच्या पोटात नेऊन सोडते. आणि वरचा पदर नेहमी खालच्या पदरावर आला पाहिजे, कौलं शाकारताना येतो तसा. भिंतीवरचा जलरोधक कागद पट्टीच्या उभ्या बाजूवर उतरायला हवा. तो पट्टीच्या मागे गेला, की कागदावरून आलेलं पाणी पत्र्याच्या मागून आत जातं आणि पत्रा नुसता शोभेला उरतो. हा उलटा पदर बाहेरून कोणाला दिसत नाही.

न्यूझीलंडनेही जवळपास हीच चूक केली. तिथे भर म्हणून औषध न मुरवलेलं लाकूड वापरायला परवानगी मिळाली होती. २००९ मधल्या एका अंदाजानुसार बाधित घरं ४२ हजारांच्या आसपास होती आणि खर्च ११.३ अब्ज न्यूझीलंड डॉलर. आता दोन्हीकडे भिंतीच्या आवरणामागे मोकळी पोकळी सोडतात, म्हणजे आत आलेलं पाणी खाली उतरतं आणि हवा खेळून भिंत वाळते. ती पोकळी जिथे संपते तिथे पुन्हा पत्र्याचीच पट्टी पाणी बाहेर काढते.

पत्रा कशाचा, हेही बेफिकिरीने ठरवण्यासारखं नाही. तांब्यावरून उतरलेलं पाणी खालच्या ॲल्युमिनियमला किंवा जस्ताला खातं. ओल्या सिमेंटला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं. समुद्राजवळ साधा जस्त चढवलेला पत्रा फार काळ तग धरत नाही. शिवाय तीन मीटर लांब ॲल्युमिनियमची पट्टी ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ तीन मिलिमीटर लांबते. दोन पट्ट्यांच्या सांध्याला सरकायला जागा ठेवली नाही, तर आत भरलेलं सीलंट तिथेच तुटतं.

दरवाजा सगळ्यात अवघड, कारण तिथे मागची कड उंच ठेवली तर माणूस अडखळतो. कोकणातल्या जुन्या घरांचा उंच उंबरठा पाण्यालाही अडवतो आणि त्याच्यापुढे ओटी-पडवीचं खोल छप्पर असतं, पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधतात. दरवाज्यापर्यंत पाणी पोचतच नाही.

आमच्या ठाण्यातल्या सातव्या मजल्यावर यातलं काहीच नाही. दर्शनी भाग सपाट, छज्जा नाही, खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या. गेल्या आषाढात खिडकीच्या रुळातलं पाणी आत सांडून भिंतीला ओल आली. त्याआधी उन्हाळ्यात गळती बंद करायला आलेल्या माणसाने सगळ्या फटींत सिलिकॉन भरलं होतं आणि त्याच भरात रुळाच्या बाहेरच्या कडेची निचऱ्याची बारीक भोकंही बुजवून टाकली होती. रुळाची आतली कड मी मोजली: ३० मिलिमीटर. भोकं उघडी असतील तर ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याला ती पुरते, ९०च्या झोताला नाही. बुजलेली असतील तर वारा नसतानाही पुरत नाही, कारण रूळ भरतच जातो.

चाकूच्या टोकाने सिलिकॉन काढलं, खराट्याची काडी घालून भोकं मोकळी केली. संध्याकाळी पुन्हा झड आली. रुळात पाणी चढलं, काही मिलिमीटरवर थबकलं आणि बाहेरच्या अंगाला दोन बारीक धारा सुरू झाल्या.