गव्हाचा आजार आणि लहरींचा उपचार

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानें निघालें कीं लवकरच नांदगाव पेठ लागतें. ज्वारीची भाकर हें या मुलखाचें जुनें अन्न. आतां आपल्या घरांतून दोन्ही वेळां पोळी होते. त्यामुळें ज्यास गहूं सोसत नाहीं त्याची अडचण मोठी. अशा ‘सीलिअक’ रोग्यांस अलीकडे एक नवा उपाय सांगितला जातो: यंत्रानें ठराविक कंपनसंख्येच्या लहरी शरीरांत सोडल्या, कीं गहूं पुन्हां पचूं लागतो. या म्हणण्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

गहूं, जव व राय यांतील ग्लुटेन या द्रव्यामुळें अशा रोग्याची संरक्षक शक्ति स्वतःच्याच आंतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झडतात. मूल जेवतें, पण अन्न अंगीं लागत नाहीं. हॉलंडांतील डॉ. विलेम डिके यांनीं अशा मुलांस गहूं देऊन व बंद करून पाहिलें आणि १९५० सालच्या प्रबंधांत त्याचा दोष दाखवून दिला.

लहरींची कल्पनाही जुनीच. प्रत्येक रोगाचें कंपन निराळें, असें अमेरिकेंतील डॉ. आल्बर्ट एब्रम्स सांगत व मोहोरबंद पेट्या भाड्यानें देत. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकानें चौकशी करून १९२४ सालीं तो दावा निराधार ठरविला. आजच्या यंत्रांनीं ग्लुटेन सोसूं लागतें, यासही विश्वसनीय पुरावा नाहीं.

पैसा गेला तर फिरून मिळेल. पण ‘आतां बरें झालें’ या भरंवशावर पोळी सुरू झाली, तर पोट न दुखतांही आंतडें झिजतें, रक्त घटतें, हाडें ठिसूळ होतात. संशय आल्यास प्रथम रक्ततपासणी करावी. तत्पूर्वीं गहूं सोडूं नये, नाहींतर रोग तपासणींत सांपडत नाहीं. निदान झाल्यावर मात्र पथ्य जन्मभराचें.

तें पथ्य आपल्याकडे कठीण नाहीं. ज्वारी, तांदूळ, डाळी, भगर, राजगिरा, साबुदाणा हें सर्व चालतें. उपवासाचें ताट बहुधा निर्धोकच. जपावें तें इतरत्र: बाजारच्या पुष्कळ हिंगांत गव्हाचें पीठ असतें, थालीपिठाच्या भाजणींत गहूं असतो, आणि पोळपाट, चाळणी व पिठाचा डबा सामाईक असतात. ज्वारी दळावयाची तीही गव्हावर दळूं नये. एकत्र कुटुंबांत आजीनें मायेनें दिलेला प्रसादाचा शिराही पथ्य मोडतो. म्हणून घरांतील प्रत्येकास हें समजावून सांगावें. यंत्रावर खर्चावयाचा पैसा निराळ्या जात्यावर व डब्यांवर खर्चिला, तर रोग्याचें खरें हित होईल.