दुरुस्तीनंतर जीपचा ब्रेक मऊ लागतो, तर आधी काय पाहावे?



खते-बियाणे सांगणाऱ्या माणसाने ब्रेकवर लिहावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण वस्तीवर जुनी जीप पुष्कळांकडे आहे, आणि तीत माल व माणसे एकदमच बसतात. माझीही जीप जुनीच. मागच्या चाकांना नवे लायनर घातले, डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर बदलला. मिस्त्री म्हणाला, "चालवा बिनधास्त, चार दिवसांत बसेल." दुसऱ्या दिवशी टोमॅटोचे क्रेट आणि दोन बाया घेऊन उतारावरून येत होतो, तर पायडल सरळ फळीला टेकलं! तीन-चारदा भराभर मारलं तेव्हा कुठे गाडी थांबली, तीही बांधाला घासून.

तर हे "बसेल" प्रकरण काय ते पाहू. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला पुरते टेकायला थोडे दिवस लागतात, हे खरे. तेवढ्यापुरता ब्रेक किंचित कमी लागेल. पण पायडल फळीपर्यंत जाणे हे बसण्याचे लक्षण नव्हे. अशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

गाडी जागेवर उभी करून, चाकांना दगड लावून पायडल दाबून पाहा. पायालाच निम्मा रोग कळतो. दाबल्यावर खाली जाते, दोन-तीनदा मारले की वर येते आणि दगडासारखे घट्ट लागते, तर तेलात हवा नाही; लायनर ड्रमपासून लांब राहिलेत. मारून वर येते पण तरी स्पंजासारखे दबते, तर नळीत हवा आहे. आणि पाय तसाच दाबून धरला असता पायडल हळूहळू खाली सरकत गेले, तर कुठेतरी तेल गळते आहे. चाकाच्या आतल्या बाजूला, जोडांवर ओल दिसते का पाहा. कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरमधले रबर आतल्या आत तेल सोडते आहे, असे समजावे.

लायनरचे अंतर आधी बसवावे, हवा नंतर काढावी. बहुतेक जण उलट करतात आणि दिवसभर तेल ओतत बसतात. चाक जॅकवर उचलून मागच्या पत्र्यावरचा ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवावा, मग चाक मोकळे फिरेल इतकाच मागे घ्यावा. जुन्या जीपला दर चाकाला दोन्ही लायनरचे ॲडजस्टर वेगळे असतात. एकच फिरवून भागत नाही.

हवा काढायला दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून बहुधा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे हा क्रम. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवावे. एकाने पायडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल अर्धा फेरा सैल करायचा. बुडबुडे येतील. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत येते. चार-पाच वेळा झाले की वरचे भांडे भरावे. ते एकदा रिकामे झाले की सगळे पहिल्यापासून.

जुन्या गाडीत पायडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग गंजलेला असतो. पायडल तळाला नेले की रबर त्या गंजावर घासून फाटते. कित्येकदा हवा काढता काढताच मास्टर सिलिंडर जातो तो असा. पुढे डिस्क ब्रेक असतील आणि कॅलिपर उतरवले असतील, तर हवेचा निपल वरच्या बाजूला आहे ना, हे पाहावे. डावे-उजवे अदलाबदल झाले की निपल खाली येतो, आणि मग कितीही तेल काढा, हवा वरच राहते. जुना रबरी होजही तपासावा. एकाने पायडल दाबले असता होज फुगताना दिसला, तर तो बदलावा.

तेलाबद्दल मात्र हयगय नको. भांड्यात इंजिन ऑइल किंवा डिझेल घालू नये, रबर फुगून ब्रेक जाम होतात. रॉकेलने रबर धुऊही नये. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते. नवे डॉट ३ तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की १४० अंशांनाही उकळू शकते. घाटात सारखा ब्रेक दाबला की तेल तापते, वाफ होते, आणि सकाळी चांगले लागलेले पायडल उतारावर ढिले पडते. म्हणून बाटलीत काढलेले तेल पुन्हा घालू नये, आणि वर्षभर उघडा पडलेला डबाही वापरू नये.

जुन्या गाड्यांत चारही चाकांना तेलाची एकच वाट असते. एक नळी फुटली की पायडल पुरते जाते. हातब्रेक मात्र तारेवर किंवा सळईवर चालतो, त्याला तेल लागत नाही. तो आधी नीट करून घ्यावा, मगच रिकामी गाडी सपाट शेतरस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने चालवून पाहावी. माझ्या जीपचे काय होते म्हणाल, तर ॲडजस्टर बसवलाच नव्हता. दोन पाने आणि पाऊण तासाचे काम.